वन्संची शेपटीवाली लस

माणसाच्या चेहऱ्याआधी त्याचा घसा बघणारी या भूतलावर एकच व्यक्ती असेल, आणि ती नेमकी माझी नणंद निघाली. मला बघायला मंडळी आली तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकाचं विचारलं, सासऱ्यांनी शिक्षणाचं विचारलं, ज्यांच्याशी लग्न व्हायचं होतं ते बशीतल्या शेवेचं निरीक्षण करत बसले, आणि वन्सं, म्हणजे तेव्हा माझ्या अजून कुणीच नसलेल्या त्या उंच, सडसडीत, चष्मेवाल्या बाई, खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "शैला, जरा खिडकीकडे तोंड करून आ कर बघू." मी इतकी गांगरले की खरंच आ केला. त्यांनी पर्समधून टॉर्च काढला, चहाचाच चमचा उलटा धरून माझी जीभ दाबली, आत नीट पाहिलं आणि टॉर्च बंद करत जाहीर केलं, "एकदम साफ घसा आहे. माझ्याकडून होकार." लोक बैल घेताना दात बघतात, आमच्या शैलाचं त्याच्याही पलीकडचं बघितलं, असं माझी आई पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

लग्न होऊन जुन्या इंदुरातल्या त्या घरात आल्यावर कळलं की यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. वन्सं सगळ्यांचेच घसे बघत. मुंजीतल्या बटूचा बघत, भाजीवालीच्या नातवाचा बघत, गणपतीच्या आरतीत बेंबीच्या देठापासून ओरडणाऱ्या पोरांचा तर हमखास बघत, कारण त्या वेळी तोंडं आयतीच उघडी असतात असं त्यांचं म्हणणं. त्या गल्लीत शिरल्या की पोरं गोट्या टाकून, तोंडावर हात ठेवून पळायची. "भागो रे, टॉर्चवाली बुआ आ गई!" एका संक्रांतीला सासूबाईंनी मोठ्या विश्वासाने वाण आणायचं काम त्यांच्यावर सोपवलं. वन्संनी सियागंजच्या बाजारातून लांब दांड्याचे चमचे आणले आणि हळदीकुंकू लावून घेणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात चमचा देऊन सांगितलं, "याने मुलांची जीभ दाबायची. आत लाल दिसलं आणि ताप असला की त्याच दिवशी डॉक्टर. गरम पाण्याच्या गुळण्यांवर भागवायचं नाही." बायकांनी मान डोलावली आणि घरी जाऊन ते चमचे लोणच्याच्या बरणीत घातले.

या घसेवेडामागे कारण होतं. वन्सं रसायनशास्त्रातल्या डॉक्टर. शहराबाहेर निलगिरीच्या झाडांत दडलेल्या एका लहानशा संशोधन संस्थेत नोकरीला. पण त्यांचं बालपण गेलं मिलच्या चाळीत, कारण सासरे मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होते. त्या चाळीत त्यांच्याबरोबर लंगडी खेळणारी एक मैत्रीण होती. तिचा घसा दुखायचा, मग गुडघे सुजायचे, मग बरी व्हायची. एके वर्षी ती जिना चढताना धापा टाकायला लागली, आणि मग जिना चढायचीच थांबली. घशातला एक साधा जंतू. त्याच्याशी लढता लढता शरीराची काहीतरी गफलत होते आणि ते स्वतःच्याच हृदयाला शत्रू समजून त्याच्या झडपांवर तुटून पडतं. हे वन्संना कॉलेजात गेल्यावर वाचून समजलं. त्या दिवशी त्यांनी ठरवलं की या जंतूवर लस करायची. त्या मैत्रिणीचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. लसीबद्दल मात्र त्या सकाळच्या चहापासून सुरू करत.

लस म्हणजे मेलेला किंवा अर्धमेला जंतू टोचायचा, एवढं मला ठाऊक होतं. वन्संना ते मंजूर नव्हतं. आख्खा जंतू टोचला तर शरीर पुन्हा तीच गफलत करायचं. म्हणून त्यांना जंतूचा एवढासाच तुकडा हवा होता, आणि तोही जंतूकडून उसना न घेता स्वतः प्रयोगशाळेत बांधलेला. या जंतूच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात. त्यांची टोकं प्रत्येक जातीत वेगळी, पण मुळं सगळ्यांची जवळपास सारखी. त्या मुळातला तुकडा वन्सं बांधणार होत्या, एकाला एक अमिनो आम्ल जोडत, माळ ओवावी तशी. अशा माळेला पेप्टाइड म्हणतात. आम्हाला समजावं म्हणून त्यांनी राजवाड्याजवळून रंगीत मणी आणले आणि खरोखरच एक माळ ओवून जेवणघरातल्या खिळ्याला टांगली. प्रत्येक अमिनो आम्लाला एक रंग. चार दिवसांनी बघतो तर सासूबाई ती माळ घेऊन जपाला बसलेल्या. "मणी फार वेगवेगळे आहेत ग," त्यांनी तक्रार केली, "रामनाम अडखळतं." वन्सं म्हणाल्या, "अडखळू दे आई, पण क्रम बदलू नकोस. एक मणी इकडचा तिकडे झाला तर सगळं बोंबललं."

वन्संना 'नाही' हा शब्द ऐकू येत नसे. कान उत्तम होते, पण कुणी 'नाही' म्हणालं की त्या ते 'जरा वेळाने' असं ऐकत. दुकानदार, सरकारी बाबू, संस्थेचे संचालक, सगळ्यांना त्यांचं एकच सांगणं, "भियाजी, नहीं मत बोलो, कब बोलो." माळ ओवताना बाटली तासन्‌तास हलवत ठेवावी लागते. त्याचं परदेशी यंत्र मागितलं तर संचालक नाही म्हणाले. वन्संनी मिलच्या भंगारात विकायला काढलेली एक मोटर आणली, तिला सायकलची चेन आणि पितळी डब्याचं झाकण जोडलं, आणि ते धूड असं काही खडखडायचं की शेजारच्या खोलीतले शास्त्रज्ञ कानात कापूस घालून बसायचे. लग्नाचंही तसंच. पुण्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, घर चांगलं. त्याने विचारलं, "लग्नानंतर हे संशोधन वगैरे सोडायला लागलं तर?" वन्संनी त्याच्या घशात टॉर्च मारला आणि विषय संपवला, "तुमचे टॉन्सिल काढलेले आहेत. मग आपण बोलणार कशावर?"

मिल आचके देतच होती. मी आल्यावर काही वर्षांत ती पुरती बंद पडली. फाटकाला कुलूप लागलं. सासरे त्यानंतरही कितीतरी महिने डबा घेऊन सकाळी फाटकापर्यंत जात, समोरच्या पिंपळाखाली इतर मंडळींबरोबर बसत आणि दुपारी डबा तिथेच खाऊन परत येत. मिलबरोबर मिलचा दवाखानाही गेला, आणि तिथे वन्संचं खरं दुखणं सुरू झालं. ज्या मुलांना हा सांध्यांचा ताप एकदा येऊन गेलाय, त्यांना दर थोड्या आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, नाहीतर ताप उलटतो आणि झडपा उरल्यासुरल्या जातात. चाळीतल्या मुलांना ते दवाखान्यात मिळायचं. आता ते सरकारी इस्पितळात, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि बापांच्या नोकऱ्या गेलेल्या. मुलं येईनाशी झाली.

त्यातली एक संगीता. तिचे वडील मिलमध्ये मागावर होते, आता भाड्याचा टेम्पो चालवायचे. वेण्यांना लाल रिबिनी बांधणारी, भयंकर बडबडी, आणि सुईला वाघासारखी घाबरणारी मुलगी. वन्संनी ठरवलं की चाळीतल्या या मुलांना आपणच न्यायचं. झालं. ठरलेल्या दिवशी वन्संची मोपेड चाळीच्या दारात हजर. मागे एक मूल, पुढे पायापाशी एक मूल, आणि स्वतः वन्सं पदर खोचून, चष्मा सावरत, हॉर्न दाबून धरलेला. संगीता पलंगाखाली लपायची. वन्सं फरशीवर बसून पलंगाखाली डोकं घालायच्या. "संगीता, बाहर आ."

"नहीं आऊँगी! वो सुई भैंस की है!"

"भैंस की नहीं, घोड़े की है. भैंस की आज खत्म हो गई."

हे ऐकून ती मुलगी हसायची की रडायची ते तिलाच कळत नसे, पण निघायची. इंजेक्शननंतर तिला लंगडत लंगडत सराफ्याच्या खाऊगल्लीत नेऊन जिलबी खाऊ घालायची हा वन्संचा नियम होता. मी एकदा म्हटलं, "वन्सं, हे तुमचं काम आहे का?" तर म्हणाल्या, "काम तर लस करायचं आहे ग. पण ती होईपर्यंत हिचं हृदय कोण सावरून धरेल?"

इकडे लस होत नव्हती. माळ ओवून झाली, शुद्ध झाली, उंदरांना टोचली, आणि उंदरांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. एवढासा तुकडा शरीराच्या लक्षातच येत नाही. शरीर खडबडून जागं व्हायला बरोबर काहीतरी चेतवणारं लागतं. उंदरांना एक तेलकट मिश्रण देऊन ते साधता येतं, पण त्याने अंगावर असे फोड येतात की ते मुलाला टोचायचा विचारही नको. वन्संचं जेवण तुटलं, झोप तुटली, बोलणं तेवढं शाबूत राहिलं. आणि एका रविवारी सगळे पोहे खात असताना त्या ताटलीवरून उठल्याच. "शेपटी!" त्या म्हणाल्या. सासरे दचकून खुर्चीखाली बघायला लागले, कारण आमच्याकडे पाली फार. वन्संचं म्हणणं असं, की खऱ्या जंतूंच्या काही प्रथिनांना चरबीची शेपटी असते, आणि ती शेपटी दिसली की शरीर जंतू आला म्हणून ओरड करतं. मग तीच शेपटी आपण आपल्या माळेला जोडायची. "अग, वरातीत नुसता नवरदेव गेला तर गल्लीत कोण खिडकी उघडतं?" त्यांनी मला समजावलं. "बँड पाहिजे. आणि बँड वेगळ्या टेम्पोतून पाठवला तर तो भलत्याच गल्लीत वाजत बसतो. म्हणून मी बँडवाल्यालाच घोड्यावर बसवणार." मला तो घोडा बराच वेळ डोळ्यांसमोर दिसत राहिला.

शेपटीचं रसायन परदेशातून यायचं. पूर्वी अशा बाटलीसाठी परवानग्यांच्या मागे वर्ष जायचं. आता नवं धोरण आलं होतं, बाटली विमानाने थोड्या आठवड्यांत दारात. वन्सं ती बाटली घरी दाखवायला घेऊन आल्या. लहान मुलीने नवं खेळणं दाखवावं तशा घरभर फिरवत होत्या. "बाबा, बघा तरी! आता लायसन नको, काही नको." सासऱ्यांनी बाटली हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि परत दिली. "छान आहे," ते म्हणाले. "ज्या दारातून तुझी बाटली आत आली ना बेटा, त्याच दारातून आमची मिल बाहेर गेली." ते चिडून बोलले नव्हते. नेहमी चटकन उत्तर देणाऱ्या त्या बाई त्या दिवशी वडिलांच्या शेजारी पायरीवर गुपचूप बसून राहिल्या, बाटली पदरात धरून.

नव्या वाऱ्याची झळ मग संस्थेलाही लागली. सरकार हात आखडता घेतंय, संस्थेने स्वतःचं स्वतः कमवावं, असं वरून आलं. संचालकांनी सोयाबीनच्या तेलाचे नमुने तपासायचं काम घेतलं आणि ते वन्संच्या गळ्यात मारलं. वन्संनी तेही घेतलं. सकाळी तेल, दुपारनंतर लस. घरी आल्या की अंगाला भज्यांच्या दुकानासारखा वास यायचा. त्यात उन्हाळ्यात वीज जायची, तीही थोडीथोडकी नाही. तयार माळ थंडीतच राहायला हवी, आणि संस्थेचा फ्रीज गार पडायच्या ऐवजी गरम पडलेला. एका दुपारी वन्सं ओल्या पंच्यात गुंडाळलेली बाटली मोपेडच्या पुढच्या पिशवीत ठेवून भर उन्हात थेट ओळखीच्या कुल्फीवाल्याकडे गेल्या, कारण त्याच्याकडे जनरेटर होता. "भिया, ये अंदर रख लो. नहीं मत बोलना." कुल्फीवाल्याने बाटली उजेडात धरून विचारलं, "बहनजी, इसमें केसर-वेसर है क्या?" वन्सं म्हणाल्या, "इसमें मेरी आधी जिंदगी है." त्याने मलईच्या कुल्फ्या बाजूला सारून जागा केली.

आणि शेपटी लागू पडली. उंदरांच्या रक्तात जंतूविरुद्धच्या अँटीबॉडी भरभरून आल्या. मग त्यांना खरा जंतू दिला, आणि बिनशेपटीच्या लसीचे उंदीर मान टाकत असताना शेपटीवाल्या लसीचे उंदीर भुईमुगाचे दाणे खात होते. संस्थेत पेढे वाटले गेले. ज्यांनी कानात कापूस घातला होता त्यांनी तो काढून अभिनंदन केलं. संचालकांनी वर्तमानपत्रवाल्यांना बोलवायचं ठरवलं. वन्सं म्हणाल्या, थांबा, एक तपासणी राहिली आहे.

नेमकी त्याच आठवड्यात संगीता परत आली. तिच्या वडिलांचा टेम्पो सुटला होता आणि घर कामाच्या शोधात आजोळी गेलं होतं, त्यात इंजेक्शनं बुडाली. ताप उलटला होता. गुडघे भोपळ्यासारखे, आणि चार पावलं चालली तरी दम. वन्संनी तिला मोपेडवर बसवायचा प्रयत्न केला नाही, उचलूनच रिक्षात घातलं. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, वाचेल, पण एक झडप गळायला लागली आहे. संगीता पांढरीफटक पडून होती, तरी वन्संना म्हणाली, "बुआ, अब की बार मैं छुपी नहीं थी. गाँव में सुईवाला ही नहीं था." वन्सं बाहेर व्हरांड्यात आल्या. मी बरोबर होते. चष्मा काढून त्यांनी तो पदराने पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती राहिलेली तपासणी केली. मेडिकल कॉलेजातून आणलेल्या मानवी हृदयाच्या पातळ कापावर उंदरांच्या त्या अँटीबॉडी टाकायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. अँटीबॉडी हृदयाला चिकटल्या तर हिरवा उजेड दिसतो, नाहीतर काळोख. मी डबा द्यायला गेले होते. वन्संनी मला खुणेने बोलावलं आणि नळीला डोळा लावायला सांगितला. काळ्याभोर पार्श्वभूमीवर हिरव्या रेघाच रेघा, पावसानंतर गवत उगवावं तशा. मला ते इतकं देखणं वाटलं की मी "अय्या, किती सुंदर!" म्हणून गेले. वन्सं म्हणाल्या, "हो. मुलं मारणारं आहे."

म्हणजे त्यांची लस शरीराला तीच गफलत शिकवत होती. जंतूच्या त्या तुकड्यात हृदयाशी साम्य असलेला भाग उरला होता. संचालक आले. माणूस वाईट नव्हता, काळजीत होता. "मॅडम, उंदीर वाचले हे तरी खरं ना? तेवढं छापू या. हृदयाचं पुढे बघता येईल. आत्ता काही दाखवलं नाही, तर पुढच्या वर्षी हा विभाग राहील असं मला वाटत नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्हीच म्हणता ना, मुलं वाट बघताहेत."

"म्हणूनच," वन्सं म्हणाल्या. "वाट बघणाऱ्यांना हे कसं देऊ?"

"कुणाला टोचायला सांगतोय का मी? छापायचं फक्त."

"सर, छापलं की कुणीतरी टोचेल."

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी जेवणघरातली माळ खिळ्यावरून उतरवली, सासूबाईंना विचारून सुरीने दोरा कापला आणि मणी पुन्हा वाटीत पाडले. सासूबाईंना वाटलं आता पोरगी रडेल. त्या पुढे येऊन लेकीच्या पाठीवर हात ठेवणार, तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "आई, सुई कुठे ठेवतेस ग तू?" आणि त्यांनी नवी माळ ओवायला घेतली. आखूड. हृदयाशी मिळताजुळता भाग सगळा वगळून.

या आखूड माळेने आणखी काही वर्षं खाल्ली. मूळ तुकडा मळसूत्रासारखा पिळलेला असतो आणि तो पीळ असेल तरच शरीर त्याला ओळखतं. आखूड केला की पीळ सुटायचा. मग दोन्ही अंगांना दुसऱ्याच एका निरुपद्रवी प्रथिनाचे टेकू द्यायचे, मग शेपटी जोडायची, मग सगळं बिघडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्या काळात आम्ही राजेंद्र नगरात घर बांधलं, सासरे गेले, मिलची चिमणी पाडली गेली, संगीता औषधं घेत घेत दहावी झाली आणि शिवणाच्या क्लासला जायला लागली. तिला आता वन्सं मोपेडवर न्यायच्या नाहीत. ती स्वतःच चाळीतल्या लहान पोरांना पलंगाखालून ओढून काढायची. आणि एका पावसाळ्यात वन्संनी मला पुन्हा संस्थेत बोलावलं, पुन्हा नळीला डोळा लावायला सांगितला. मी खूप वेळ पाहिलं. "वन्सं, काहीच दिसत नाही. नुसता काळोख आहे."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. काही म्हणजे काही नाही."

वन्सं खुर्चीत बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना मोठ्याने रडताना ऐकलं. या आखूड माळेनेही उंदीर आधीच वाचलेले होते. आता हृदयही वाचलं होतं.

मग एका मोठ्या औषध कंपनीचा टायवाला गृहस्थ आला. त्याने सगळं लक्षपूर्वक ऐकलं, वन्संच्या कामाची मनापासून स्तुती केली आणि शेवटी म्हणाला, "मैडम, बुरा मत मानिए. जिनको ये बीमारी होती है वो खरीद नहीं सकते, और जो खरीद सकते हैं उनको होती नहीं. इसका मार्केट कहाँ है?" वन्सं त्याला घेऊन संस्थेच्या गच्चीवर गेल्या. तिथून शहर दिसायचं, धूर न सोडणाऱ्या इतर मिलच्या चिमण्यांसकट. "वो रहा," त्या म्हणाल्या. "आप मत बेचिए. मैं बनाना बंद नहीं करूँगी." खाली उतरताना त्याने जिन्यात स्वतःहून विचारलं म्हणे, की माझ्या मुलाचा घसा सारखा दुखतो, काय करू.

लस अजून बाजारात आलेली नाही, हे सांगून टाकते. उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता केवढा लांब असतो ते मला वन्संमुळे कळलं. त्या रस्त्याचा त्यांच्या वाट्याचा तुकडा निवृत्तीच्या वर्षी संपला. संस्थेने तो विभाग बंद करून खोल्या तेलतपासणीला दिल्या. पण दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी वन्संचं काम वाचलं होतं. त्या स्वतः इंदूरला आल्या, दोन दिवस आमच्याकडे राहिल्या, आणि उरलेली सगळी लस थर्मोकोलच्या पेटीत बर्फात ठेवून पुढच्या प्रयोगांसाठी घेऊन निघाल्या. वन्सं आणि मी स्टेशनवर पोचवायला गेलो. पेटी कुठे ठेवायची, बर्फ कुठल्या स्टेशनवर बदलायचा, शेजारच्या प्रवाशाला पेटीवर पाय ठेवू द्यायचे नाहीत, हे सगळं वन्सं खिडकीच्या गजांतून सांगत होत्या. गाडी हलली तरी सांगत होत्या. गाडी वळणाआड गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हृदयाची तपासणी त्यांच्याकडे पुन्हा करायची, ते मी सांगितलं का ग?"

"सांगितलंत. त्या वैतागेपर्यंत सांगितलंत."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्या चालायला लागल्या. रिक्षात त्या रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या एकेक करून वाचत होत्या, जसं काही हे शहर त्यांना आजच दिसत होतं.

घरी आल्यावर मी खिचडी टाकली, पापड भाजले. हे गावाला गेलेले, म्हणून आम्ही दोघीच जेवायला. खरं तर वन्सं जेवताना ताटाकडे कधी बघत नसत. हात ताटात आणि नजर भिंतीवर, आणि ओठ कसली तरी जुळवाजुळव पुटपुटत असायचे. मी एकदा आमटीत मीठच घातलं नव्हतं, तर त्यांनी ती दोनदा मागून घेतली होती. त्या दिवशी मात्र त्या सावकाश जेवत होत्या. घास घेत होत्या, थांबत होत्या. मग म्हणाल्या, "शैला, तू खिचडी छान करतेस ग."

"वन्सं, लग्न होऊन आल्यापासून हीच करतेय."

"हो का?" त्या म्हणाल्या. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. "मग अजून थोडी वाढ."

मी वाढली आणि वरून तुपाची धार धरली. त्या पुरे म्हणायचं विसरल्या, आणि मीही थांबायचं विसरले.